साहेबांना विचारा

४ मार्च

सिस्टर,

आपली ओळख म्हणजे एवढीच, की मी स्ट्रेचरवर आडवी होते आणि तुम्ही माझ्या भावाला तुमच्या गाडीत बसवत होतात. तो हात झटकत होता आणि तुम्ही सोडत नव्हतात. तेव्हा तुमचा भयंकर राग आला. पण तुम्ही सोडला असतात तर तो रस्त्यावर धावत सुटला असता, म्हणून निम्मा राग मागे घेते. उरलेला निम्मा तुमच्या त्या ऑफिसातल्या मुलीसाठी आहे. ती म्हणते, काही दिवस फोन करू नका. माझ्या भावाशी मी का बोलायचं नाही, ते मला लिहून कळवा.

अस्तराच्या कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि ताग्यासकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात, दीड-दोन महिने इथेच. अशा वेळी माणसाला काही दिवस ठेवून घेणारं तुमच्यासारखं घर असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाकडे ठेवावं लागलं नाही. मी आणि तो, बस.

आता त्याच्याविषयी. वय पन्नाशीच्या पुढे. डॉक्टर कागदावर लिहितात की समज चार वर्षांच्या मुलाएवढी. चार वर्षांचं कुठलं मूल शिवणाच्या दुकानातल्या सगळ्या दोऱ्यांच्या बॉबिन डब्यात रंगवार लावून ठेवतं ते दाखवा मला. मी कपडे उसवते, तो त्यातले दोरे वेचतो. शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात तोच देतो आणि वर दोनदा थोपटतो. एकदा एका बाईंना दुसऱ्याच कुणाची तरी पँट बांधून देत होते मी, तर त्याने ती हिसकावून परत आणली. कुणाचं काय ते त्याला बरोबर ठाऊक असतं.

घरात त्याला साहेब म्हणतात. लहानपणी वडिलांचं घड्याळ मनगटावर चढवून त्यांच्या खुर्चीत बसायचा, तेव्हापासून. तुम्हीही साहेब म्हणा, नाहीतर वळून बघणार नाही.

आंघोळीला कोमट पाणी. चप्पल नको, बूटच हवेत. रागावला तर एकटं सोडा, समजूत घालायला जाऊ नका. आणि चहा की दूध, असं विचारा. दूध की चहा, असं विचारू नका. का ते विचारू नका, मी सांगते तसं विचारा.

—साहेबांची ताई


७ मार्च

ताई,

पत्र मिळालं. आमचा ड्रायव्हर औषधं आणायला तुमच्या हॉस्पिटलात येतोच, उत्तर त्याच्याकडे द्या.

फोनचं कारण हे. पहिल्या सकाळी तुम्ही वॉर्डातून फोन केलात, आम्ही तो साहेबांच्या कानाला लावला. आवाज ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला आणि तुम्हाला शोधायला निघाले. सगळी कपाटं उघडली, पलंगांखाली वाकून पाहिलं, शेवटी फ्रीजही उघडला. आवाज आला म्हणजे माणूस जवळच असणार, यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण दिवसभर जेवले नाहीत. फोन आमच्या जेवणघरात आहे, आणि कुणी नुसतं ‘ताई’ म्हटलं तरी ते ताडकन उठतात. म्हणून पत्रं. ऑफिसातल्या मुलीवरचा राग माझ्या नावावर करा, नियम माझा आहे.

बाकी साहेब ठीक आहेत. आमच्याकडे प्रत्येकाचा कप वेगळ्या रंगाचा असतो आणि भिंतीवरच्या आपापल्या आकड्याला अडकवलेला असतो. नवीन माणूस आला की आम्ही मोकळे कप त्याच्यासमोर मांडतो. रंग विचारत नाही, त्याचा हात कुठे जातो ते पाहतो. साहेबांनी निळा उचलला. धुतात स्वतः, पुसतात स्वतः, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर घरभर कळतं.

तुमच्या सूचनांपैकी बूट आणि कोमट पाणी मान्य. चहा-दुधाचं मात्र स्वयंपाकघरात कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या मावशी ‘दूध की चहा’ असंच विचारतात, आणि साहेब प्रत्येक वेळी ‘चहा’ म्हणतात. तेव्हा ताई, त्यांना चहाच आवडतो असं दिसतंय. पंधरा जणांच्या घरात प्रश्न कसा विचारायचा याचेही नियम पाळायला लागले तर माझ्या नाकी नऊ येतील.

—सिस्टर


११ मार्च

सिस्टर,

पत्रंच बरी. बोलायला लागले की माझा आवाज फुटतो, लिहिताना फुटत नाही.

चहा लगेच बंद करा. त्याला चहा सोसत नाही. आणि तो ‘चहा’ म्हणाला म्हणजे त्याला चहा हवा, हे कुणी सांगितलं तुम्हाला? दोन गोष्टींतून निवड म्हटलं की तो नेहमी शेवटचीच म्हणतो. लाल शर्ट की पांढरा? पांढरा. पांढरा की लाल? लाल. झोपायचं की जागायचं? जागायचं. जन्मापासून असंच आहे. म्हणून जे द्यायचं असेल ते शेवटी ठेवून विचारायचं. साधी गोष्ट आहे, घरात आम्ही सगळे तसंच करत आलो. निदान मी तरी. धाकट्या भावाला हे माहीत असायचं काही कारण नाही, तो शिकायला बाहेर पडला तो परत राहायला आलाच नाही.

त्याच्यावरून आठवलं. तो तुमच्याकडे येईल कदाचित. शहराबाहेर एक मोठी संस्था आहे, तिथे साहेबांना कायमचं ठेवावं असं त्याच्या मनात फार दिवस आहे. दर वेळी विषय काढतो आणि दर वेळी मी त्याला हाकलते. माझा पाय मोडला हे ऐकून त्याला आधी वाईट वाटलं असेल आणि मग लगेच संस्था आठवली असेल. आला तर सांगा, ताई बरी होते आहे. कालपासून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतात मला. नर्स म्हणते, घाई करू नका. मी म्हटलं, बाई, माझ्याइतकी घाई करून तर बघ.

—ताई


१९ मार्च

सिस्टर,

ड्रायव्हर तीनदा येऊन गेला आणि तीनदा रिकाम्या हाताने. विचारलं तर म्हणतो, सिस्टर कामात आहेत. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात.

साहेबांना काय झालंय? पडलाय का? निघून गेलाय का? जे असेल ते लिहा. इथे छताकडे बघत पडून माणूस काय काय कल्पना करतं ते तुम्हाला नर्स म्हणून तरी ठाऊक असेल.

—ताई


२० मार्च

ताई,

साहेब धडधाकट आहेत. गप्प मी बसले होते, कारण कसं लिहावं ते कळत नव्हतं. आता एक घाव दोन तुकडे करून लिहिते.

तुमचे धाकटे भाऊ नऊ तारखेला आले होते. सोबत त्या मोठ्या संस्थेचे एक गृहस्थ होते आणि अशा मुक्कामांचा निर्णय देणाऱ्या सरकारी समाजकल्याण अधिकारी बाईही होत्या. जेवणघरात बसले. भावाने साहेबांना जवळ घेतलं, प्रेमाने घेतलं हे मी पाहिलंय, आणि विचारलं, ‘ताईकडे राहायचं की मोठ्या घरी जायचं?’ साहेब स्वच्छ म्हणाले, ‘मोठ्या घरी जायचं.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. तुम्ही रोज यांच्यासोबत असता, यांना समजून बोलता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, अगदी स्पष्ट सांगतात काय हवं ते.

दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं.

त्या दिवसाच्या जोरावर ठरतंय की साहेबांनी स्वतःच संस्था पसंत केली. चार एप्रिलला शेवटची बैठक आहे. मी अधिकारी बाईंना तेव्हाच कळवायला हवं होतं, आणि तुम्हालाही. कळवलं नाही कारण माझी चूक माझ्या तोंडून सांगायची होती. आज सकाळी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बहीण सांगते म्हणून मी कसं मानू, तिला तर तो घरीच हवा आहे.

—सिस्टर


२१ मार्च

सिस्टर,

तुमचं पत्र वाचून अंगाचा असा तिळपापड झाला की नर्स रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन धावली. तिला म्हटलं, ते यंत्र घेऊन त्या घरी जा, तिथे गरज आहे.

एका माणसाला आयुष्यभरासाठी कुठे टाकायचं ते एका प्रश्नावर ठरवता? मी उद्या त्याला विचारते, ताईकडे राहायचं की चंद्रावर जायचं. जाईल मग. बांधा सामान.

आणि धाकट्याला मी चांगली ओळखते. तो वाईट नाही, घाबरट आहे. मी गेल्यावर साहेब आपल्या गळ्यात पडतील या भीतीने त्याची झोप उडाली आहे, म्हणून माझ्या जिवंतपणीच सोय लावून मोकळा व्हायला बघतो. त्याच्या भीतीचं औषध माझ्या भावाला का पाजता?

डॉक्टरांना सांगून टाकलंय, चार तारखेला मला उचलून न्या, स्ट्रेचरवर न्या, नाहीतर मी खुरडत जाईन. बघते कोण नेतं त्याला.

—ताई


२४ मार्च

ताई,

रागवा. रागाला मी पात्र आहे. पण आता माझंही ऐकून घ्या, कारण मीही गप्प बसणाऱ्यातली नाही.

तुमच्या भावाने नकळत केलं. तुम्ही तर जाणून करता. जे द्यायचं ते शेवटी ठेवायचं, असं तुम्हीच लिहिलंत. मग साहेबांना खरोखर काय हवंय ते आजवर कुणाला कळलंय? धाकट्याने एकदा ठरवलं, तुम्ही रोज ठरवता. अधिकारी बाई तुमचं का मानत नाहीत ते मला तेव्हाच कळलं.

हा विचार डोक्यातून जाईना, म्हणून मी एक केलं. आमच्याकडे कप निवडतात तसं. काल सकाळी साहेबांसमोर दोन कप ठेवले, एकात दूध, एकात चहा. तोंडातून अक्षर काढलं नाही आणि मावशींनाही काढू दिलं नाही. साहेबांनी दोन्हींचा वास घेतला आणि चहा उचलला. संध्याकाळी कपांच्या जागा बदलल्या. चहा. आज सकाळी चहाचा कप टेबलाच्या पार टोकाला ठेवला. उठून गेले, चहा घेऊन आले, दुधाच्या कपाला कोपराने बाजूला सारलं. अर्धाच कप देते, पोटाचं काही झालेलं नाही, हे नर्स म्हणून लिहिते.

म्हणजे त्यांची पसंती आहे, ताई. ती जिभेवर नाही, हातात आहे.

बैठकीत असंच विचारू द्या म्हणून मी अधिकारी बाईंकडे हट्ट धरला आहे. आमच्या कमिटीतले एक जण म्हणाले, सिस्टर, तुम्ही नोकरी करा, वकिली करू नका. मी म्हटलं, नोकरी तीच आहे. तुमच्याकडून फक्त, घराची खूण म्हणून, साहेब लावून ठेवतात तो बॉबिनचा डबा हवा आहे. दुकानाची किल्ली कुणाकडे आहे?

आणि एक. तुम्ही शेवटचं कधी दुपारी पाठ टेकली होती?

—सिस्टर


२७ मार्च

सिस्टर,

दोन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आज कागदावर भांडते.

हो, करते मी तसं. सकाळी दारात गिऱ्हाईक उभं असतं, मशीनवर कपडा अर्धा असतो, साहेब एक बूट घालून बसलेले असतात. तेव्हा मी दोन शर्ट मांडून त्यांचा हात कुठे जातो ते बघत बसू? मी हे केलं म्हणून आमचं घर चाललं. ज्याला वाटतं की त्याने जास्त चांगलं केलं असतं, त्याने इतकी वर्षं येऊन करून दाखवायचं होतं.

हे झालं भांडण. आता चहा. लहानपणी एकदा त्याला चहाने उलटी झाली, आईने बंद केला. आई गेली, बंदी तशीच चालू राहिली. मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा पिते आणि त्याला दूध देते. तो माझ्या कपाकडे बघतो. मला वाटायचं माझ्याकडे बघतो. हे लिहिताना मला रडू आलं, आणि तुमचा रागही आला, दोन्ही खरं आहे.

तेव्हा विचारायचं तर नीट विचारा. डबा माझ्या पलंगाखालच्या पिशवीत आहे, शेजारणीने आणून दिला होता मन रमायला, ड्रायव्हरबरोबर पाठवते. पण त्याने घरची खूण उचलली तर त्यात काय विशेष, संस्था त्याने पाहिलेलीच नाही. न पाहिलेल्या जागेची खूण तो कशी उचलेल? मग धाकटा म्हणेल, ताईने पुन्हा हातचलाखी केली. म्हणून आधी त्याला संस्थेत न्या. दिवसभर राहू दे, जेवू दे, तिथली चांगली बाजू बघू दे. तिथून त्याच्या हाताला लागेल ती वस्तू आणा. हे मी सांगते आहे, लिहून ठेवा.

आणि मी येणार नाही. डॉक्टर सोडायला तयार झालेत, पण मी खोलीत असले तर तो सरळ माझ्याकडे येईल आणि त्याला पसंती म्हणता येणार नाही. त्याला विचारायचं ठरलं ना, मग त्यालाच विचारा.

दुपारी पाठ टेकल्याचं आठवत नाही. इथे सक्तीने टेकली आहे, ती धरत नाही मी.

—ताई


५ एप्रिल

ताई,

क्रमाने लिहिते, उडी मारून शेवट वाचू नका.

एक तारखेला साहेबांना संस्थेत नेलं. तुमचे धाकटे भाऊही होते. खोटं कशाला सांगू, जागा चांगली आहे. मोठी बाग आहे. साहेबांना एक हिरवा एप्रन दिला आणि रोपांना पाणी घालायला लावलं. त्यांनी मन लावून घातलं. परत येताना एप्रन काढायला तयार नव्हते. गाडीत तुमचे भाऊ माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एप्रन धुऊन आणतो म्हणून सोबत नेला आणि काल बैठकीला घेऊन आले.

काल जेवणघरातल्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. तुमचा बॉबिनचा डबा, संस्थेचा हिरवा एप्रन, आणि आमच्याकडचा निळा कप. कप मी ठेवला. अधिकारी बाई म्हणाल्या, याची काय गरज, इथे कुणाला कायमचं राहता येत नाही. मी म्हटलं, ते त्यांना कुठे माहीत आहे, असू द्या. कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं.

साहेब आले, बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी एप्रन उचलला.

संस्थेच्या गृहस्थांनी मान डोलावली. अधिकारी बाईंनी पेन उघडलं. साहेबांनी एप्रनची नीट घडी घातली, टेबलाला वळसा घालून तुमच्या धाकट्या भावापाशी गेले, त्यांच्या मांडीवर एप्रन ठेवला आणि वर दोनदा थोपटलं.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण तुमचं पहिलं पत्र माझ्या खिशात होतं. मी बाईंना सांगितलं की साहेब दुकानात ज्याचा कपडा त्याला असाच देतात. एप्रन धाकट्यांनी आणला होता, तो त्यांना परत मिळाला. त्या ‘बरं’ म्हणेपर्यंत साहेबांनी डबा काखेत मारला होता. मग हात लांब करून कपही घेतला, आणि दोन्ही घेऊन दारापाशी जाऊन उभे राहिले, बूट दाराकडे वळवून.

तुमच्या भावाला राहवलं नाही. त्यांनी तिथूनच विचारलं, ‘साहेब, ताईकडे राहायचं की मोठ्या घरी जायचं?’

साहेब म्हणाले, ‘मोठ्या घरी जायचं.’ डबा काखेत तसाच.

अधिकारी बाईंनी पेन बंद केलं. त्या उठून साहेबांजवळ गेल्या आणि शांतपणे उलटं विचारलं, मोठ्या घरी जायचं की ताईकडे राहायचं. ‘ताईकडे राहायचं,’ साहेब म्हणाले, पहिल्याइतकंच स्पष्ट. मग खोलीत कुणी त्यांना शब्दांत काही विचारलं नाही.

तुमचे भाऊ एप्रन हातात घेऊन बसून राहिले. ताई गेल्यावर काय, असं त्यांनी विचारलं, भांडायच्या सुरात नाही. बाई म्हणाल्या, तेव्हाही यांनाच विचारावं लागेल, तोवर कसं विचारायचं ते शिकून घ्या.

साहेब घरी येणार. तुम्ही उभ्या राहिलात की लगेच.

—सिस्टर


८ एप्रिल

सिस्टर,

उडी मारूनच वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं, मग वॉर्डातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. समोरच्या पलंगावरच्या आजी एप्रनपाशी आल्या तेव्हा मला शिव्या घालत होत्या की लवकर पुढे वाच.

आज वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. नर्सने घाई करू नका म्हटलं नाही.

पण तो कप त्याने का घेतला असेल? चहासाठीच असणार. चहा मी घरी देईन की आता. तुम्ही त्याचा भलता अर्थ काढू नका.

—ताई


३ मे

ताई,

आज साहेबांना तुमच्याकडे सोडून ड्रायव्हर परत आला. म्हणाला, तुम्ही वॉकर सोडून दिलात आणि दोघं दारातच बराच वेळ उभे होतात, म्हणून तो चहा न घेताच निघाला.

निघताना इथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. मी निळा कप त्यांच्या पिशवीत ठेवला होता, भेट म्हणून. साहेबांनी तो बाहेर काढला, भिंतीपाशी गेले, आपल्या आकड्याला अडकवला. मी पुन्हा पिशवीत ठेवला. पुन्हा काढून अडकवला आणि माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी हात मागे घेतला. त्यांना कप घरी न्यायचा नव्हता. तो इथेच असायला हवा होता. अर्थ भलता असेल तर तुम्ही सांगा.

मला वाटतं त्यांना मधूनमधून इथे यायचं आहे. महिन्यातून दोन-चार दिवस. त्यांना पंधरा माणसं मिळतील आणि तुम्हाला एक दुपार. पण आमच्या घराचा नियम आहे, जागा फक्त अचानक संकटात सापडलेल्यांना. कमिटीला विचारते, आशा ठेवू नका.

—सिस्टर


६ जून

सिस्टर,

पहिल्यांदा तुमचं पत्र वाचून रागच आला. माझं घर कमी पडलं की काय त्याला, असं वाटलं. मग कटिंगच्या टेबलावर मी तुमच्यासारखं करून पाहिलं. एका बाजूला त्याची पिशवी ठेवली, दुसऱ्या बाजूला बॉबिनचा डबा. तोंडाला कुलूप. त्याने डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि बूट घालून बसला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मी म्हटलं थांबा, साहेब काही सांगताहेत.

आणि मग, कुणाला सांगू नका, मी माझ्यासाठीही दोन वस्तू ठेवल्या. कात्री आणि उशी. हात उशीकडे गेला. मला माझीच लाज वाटली, पण हात तिकडेच गेला.

आता कमिटीचं. त्यांचं पत्र मला मिळालं. लिहिलंय, अशा मुक्कामाची खरी गरज नेमकी कोणाला आहे, बंधूंना की आपल्याला, ते स्पष्ट करावं. दोघांना आहे, केलं स्पष्ट. त्यांना सांगा, विश्रांतीसाठी दर वेळी एक हाड मोडून घ्यायला मी तयार नाही, माझ्याकडे तेवढी हाडं नाहीत. माझ्यासारख्या किती जणी आपापल्या स्टुलांवर उभ्या असतील, त्या खाली येईपर्यंत थांबायचं हा कसला नियम?

आणि साहेबांनी तो कप अधिकारी बाईंसमोर उचलला आहे. कमिटीला नाही म्हणायचं असेल तर त्यांनी येऊन साहेबांना नाही म्हणावं, मला नाही. कसं म्हणायचं तेवढं आधी शिकून यावं.

धाकटा आलाय दोन दिवस. सकाळी चहा आणि दूध साहेबांसमोर मांडून मुकाट बसला होता. साहेबांनी चहा स्वतः घेतला आणि दूध त्याच्यापुढे सरकवलं. प्यायला बिचारा.

शुक्रवारी साहेबांना घेऊन येते आहे. नियम बदललेला असो वा नसो. दार बंद दिसलं तर पायरीवर मशीन मांडून बसेन, मला काम कुठेही करता येतं.

—ताई


१० जून

ताई,

कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही.

निळा कप जागेवर आहे. या.

—सिस्टर